तेलाचा डबा आणि आटपाडीची सून

माझ्या सुनेला मी भर उन्हात, चार लोकांदेखत, मागून धक्का देऊन पाण्यात ढकललं. ऑस्ट्रेलियातली ही बातमी लोणंदला आमच्या गल्लीत पोचायला एक दिवसही लागला नाही. पोचेपर्यंत पाण्याचा समुद्र झाला होता आणि माझी जुन्या सिनेमातली सासू झाली होती. म्हणून खरं काय घडलं ते मीच लिहून ठेवते. ढकललं हे खरं आहे, तेवढं आधीच कबूल करते.

माझा मुलगा साखर कारखान्यात इंजिनिअर. सांगली जिल्ह्यात नोकरीला लागला आणि तिथून थेट ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्याजवळच्या एका लहानशा गावातल्या कारखान्यात गेला. सून नर्स, तीही तिथल्याच दवाखान्यात लागली. दोघांचा किती दिवस धोशा चालला होता, या, या म्हणून. आमचे हे फौजेतून आलेले. "मी सगळा देश बघितलाय, आता माझी खुर्ची सुटत नाही," म्हणाले आणि पेपर उघडला. मी मात्र नुकतीच शाळेतून निवृत्त झाले होते आणि घरात शिकवायला कुणी उरलं नव्हतं. दिवाळी झाली तशी एकटीच निघाले.

विमानतळावरून मुलाच्या गाडीतून निघालो तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. माझं माहेर कऱ्हाडच्या खाली, कृष्णाकाठी. जन्मच उसात गेला. म्हटलं, पुन्हा उसातच यायचं होतं तर विमानात एवढं अंग आखडून कशाला बसले? पण ऊस संपला, एक वळण आलं, आणि समोर एवढं निळं पाणी पसरलं की माझं तोंड आपोआप मिटलं. मुलाने आरशातून बघितलं आणि हसला. आई गप्प बसलेली त्याने फारशी पाहिलेली नाही.

गाव फारच निवांत. पहिल्याच दिवशी किराणा दुकानात एक बाप्या अनवाणी, नुसत्या हाफ पँटवर, पाव घेऊन उभा. मी सुनेला हळूच विचारलं, "ह्यानं काय नवस बोललाय का गं?" ती हसून लाल झाली. पुढे बघते तर निम्मं गाव अनवाणी. शनिवारी दुपारी दुकानं बंद. पोस्टातली बाई गिऱ्हाइकाबरोबर मासे कुठं लागतात यावर बोलत बसते आणि रांगेतला एकही माणूस घसा खाकरत नाही. काही झालं तरी उत्तर एकच, "नो वरीज." ह्यांतला एखादा आमच्या लोणंदच्या कांद्याच्या लिलावात नेऊन उभा केला तर संध्याकाळपर्यंत लोक त्यालाच विकून मोकळे होतील. सुरुवातीला मला हा सगळा आळशीपणा वाटला. आठवडाभरात मीही चपला घरी विसरायला लागले.

गावाचा पार म्हणजे तिथला तलाव. समुद्राला लागून खडक फोडून केलेला चौकोनी तलाव, पाणी समुद्राचंच. भरतीला लाटा बाहेरच्या भिंतीवरून आत येतात. एका टोकाला कमरेएवढं पाणी, दुसऱ्या टोकाला पुरुषभर. सकाळी सगळं गाव तिथं जमतं. ऐंशीच्या पुढची एक म्हातारी फुलाफुलांची रबरी टोपी घालून रोज पोहायची. खांद्यापासून मनगटापर्यंत गोंदवून घेतलेला एक आडदांड माणूस यायचा, तो मासेमारीच्या बोटीवरचा. आणि आमची सहा वर्षांची नात. शाळेत पोहायला शिकलेली, त्यामुळे तलावात शिरली की थेट खोल टोकाला.

आणि सून? सून काठावर. हातात टॉवेल, डोळे पोरीवर.

सून आटपाडीची. आता तिकडं कालव्याचं पाणी आलंय म्हणतात, पण तिच्या लहानपणी पाणी म्हणजे टँकर, नाहीतर लांबच्या आडावरून डोक्यावर आणलेली घागर. पाणी प्यायचं, जनावरांना पाजायचं, उरलं तर अंगावर घ्यायचं. त्यात उतरायचं असतं हे तिच्या माहेरच्यांना सांगितलं असतं तर त्यांनी वेड्यात काढलं असतं. तिथल्या दवाखान्यातल्या बायका सुट्टीच्या दिवशी समुद्रावर जायच्या, हीही जायची, आणि सगळ्यांचे टॉवेल, चष्मे, मोबाईल सांभाळत वाळूवर बसायची. वर्षातून एकदा, उन्हाळा संपताना, म्हणजे तिकडे फेब्रुवारीत, त्या तलावात गावची पोहण्याची जत्रा भरते. लहानथोर सगळे पोहतात, ज्याला जेवढं जमेल तेवढं. दरवर्षी हिच्या गळ्यात टॉवेल.

एकदा सकाळी भरतीची लाट भिंतीवरून जोरात आली आणि नात क्षणभर दिसेनाशी झाली. पुढच्या क्षणी ती हसत वर आली, पोरीला काही झालं नव्हतं. पण सून काठावर दोन्ही मुठींत टॉवेल आवळून उभी होती. त्या दिवशी भांडी घासताना ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "आत्या, उद्या पोरगी खरंच बुडाय लागली, तर मी काय काठावरनं निस्ती बोंब मारू?"

मी ताटं पुसत राहिले. पण माझ्यातली बाई उठून बसली. मास्तरीणबाई.

आता मी कुठली पोहणारी, असं कुणी विचारेल. तर ऐका. माहेरच्या मळ्यातल्या विहिरीत मी पोरांच्या बरोबरीने पोहायचे. सूर मारायचे, मुटका मारायचे, तळातली माती मुठीत घेऊन वर यायचे. मग लग्न होऊन लोणंदला आले. सासरी सुनेनं विहिरीत उडी मारली तर लोक तिला पोहणं म्हणत नाहीत, पोलिसाला बोलावतात. चाळीस वर्षं मी पाण्यात पाय घातला नव्हता. पण आमच्याकडं पोहायला कसं शिकवतात ते मला पाठ होतं. रिकामा डबा घ्यायचा, झाकण घट्ट लावायचं, पाठीला बांधायचा आणि माणसाला काठावर उभं करून मागून ढकलायचं. डबा बुडू देत नाही, भीती थांबू देत नाही. हातपाय आपोआप हलतात. आमच्या गावात सगळे असेच शिकले, एकही बुडाला नाही.

मुलाने स्वयंपाकघरात ऑलिव्ह तेलाचा पत्र्याचा मोठा डबा आणला होता. तेल मी बाटल्यांत ओतलं, डबा साबणाने धुतला, फिरकीच्या झाकणाला पिशवीचा तुकडा लावून आवळला. माझी जुनी सुती साडी फाडून पट्टा केला. सून आधी हसली, मग तयार झाली. तिला शिकायचंच होतं. सकाळी तलावावर मी तिच्या पाठीला डबा बांधला आणि तिला खोल टोकाला काठावर उभं केलं. ती म्हणाली, "आत्या, जरा थांबा हं, मी सांगते कवा ते."

इथं माझी, म्हणजे आमच्या गावच्या माणसाची, चूक झाली. कारण आमच्याकडं "थांबा" म्हणणाऱ्यालाच आधी ढकलतात.

ती किंचाळली ते सगळ्या तलावाने ऐकलं. डबा पाठीवरून मानेपर्यंत सरकला, ती तोंडावर पडली, हात झाडायला लागली. मी काठावरून ओरडतेय, "पाय हलव! पाय!" आणि तेवढ्यात माझ्या बाजूने दोन उड्या पडल्या. एक त्या गोंदवलेल्या माणसाची, एक त्या म्हातारीची. दोघांनी तिला धरून भिंतीशी आणलं. गोंदवलेला माणूस वर आला आणि मला विचारायला लागला, तुम्ही काय करत होता? मी शाळेतल्या इंग्रजीत, शांतपणे, सांगितलं की काळजी नको, मी तिची सासू आहे. माझ्या मते तेवढ्यावर सगळा उलगडा व्हायला हवा होता. तो माझ्याकडे बघत राहिला आणि माझ्यापासून दोन पावलं मागे सरकला.

सून घरी आली ती माझ्याशी न बोलता. जेवायला वाढायची, "भात घ्या," म्हणायची, बास. मुलाने एकदा "आई, काय हे" एवढंच म्हटलं, आणि कुठल्या तरी नातेवाइकाला फोनवर हसत सांगितलं. तिथून ती बातमी लोणंदला गेली. ह्यांचा फोन आला, "सुनेला समुद्रात टाकलीस म्हणे? बरं, ती परत आली का?" मला राग आला होता. सगळ्यांचाच. मी चांगलंच करायला गेले होते, आणि आमच्या विहिरीवर ह्याहून जोराने ढकलतात.

तोच राग काढायला मी माझ्या थोरल्या बहिणीला, आक्काला फोन लावला. ती अजून माहेरच्या गावीच असते. सगळं ऐकून घेतल्यावर तिनं एकच विचारलं.

"खाली कोण व्हतं?"

"खाली म्हंजे?"

"आगं, तुला काकांनी ढकलली तवा खाली पाण्यात कोण व्हतं?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी व्हते की गं, येडे. तू पडायच्या आधीपासनं खाली पाय मारत हुभी. 'टाक उडी, मी हाय खाली,' म्हनून घसा फुटला माझा. तुला ढकलनारा ध्यानात ऱ्हायला, आन् धरनारी इसरलीस व्हय?"

तिच्या त्या आवाजाने मला विहिरीतला आवाज आठवला. खरंच होतं. खाली आक्का होती, म्हणून तर मी बुडाले नव्हते. मी तेवढंच विसरले होते, आणि तेवढंच महत्त्वाचं होतं. मी फोन ठेवला आणि स्वतःला दोन शिव्या घातल्या, त्या इथं लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी मुलाची हाफ पँट आणि त्याचाच लांब बाह्यांचा टी-शर्ट घातला. आरशात बघायचं टाळलं. सुनेला म्हटलं, "चल, डबा घे." ती नको म्हणत होती, पण माझा अवतार बघून तिला हसू आवरेना, आणि हसू आलं की माणूस निम्मा तयार होतो. तलावाच्या उथळ टोकाच्या पायऱ्यांवरून मी कठडा धरून धरून उतरले. चाळीस वर्षांनी पाणी अंगाला लागलं. पहिली पायरी, दुसरी, पुढं चालत गेले तशी छाती, मग गळा, आणि मग पाय आपोआप सुटले. अंगाला सगळं आठवत होतं. मी खारट पाण्यात तोंड घालून हमसून रडले, आणि कुणाला कळलं नाही, समुद्राची एवढी सोय.

खोल टोकाला जाऊन मी भिंतीपासून हातभर लांब, पाय मारत उभी राहिले. वर सून, पाठीला डबा. काठावर म्हातारी आणि गोंदवलेला माणूस, दोघांचे डोळे माझ्यावर, पोलीस पहाऱ्यासारखे.

"टाक उडी," मी म्हटलं. "मी हाय खाली."

ती किती वेळ तशीच बसून होती. पाय पाण्यात घालायची, बाहेर काढायची. मी पाय मारत राहिले. मग तिनं डोळे मिटले, आणि आटपाडीची पोरगी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या मर्जीनं पाण्यात पडली. मी तिला काखेत धरलं. डोळे उघडल्यावर तिनं आधी मला घट्ट पकडलं, मग खाली बघितलं, मग म्हणाली, "आत्या, केवढं पाणी हाय वो हे!"

तिथून पुढे रोज. ती ड्युटीवरून यायची, मी डबा घेऊन तयार. पाय कसे मारायचे, श्वास कधी घ्यायचा, पाण्याशी भांडायचं नाही, हे सगळं सांगायला माझ्याकडे आवाज होताच. म्हातारी आता बाजूला येऊन बसायची आणि माझं मराठी ऐकत मान डोलवायची. गोंदवलेल्या माणसाने डब्याचा पट्टा बघितला आणि बोटीवरची एक घट्ट गाठ मला शिकवली. बदल्यात मी त्याला शेंगदाण्याची चटणी दिली, तो ती पावाला लावून खायचा.

आता एक युक्ती. आमच्या विहिरीवर शिकाऊ माणूस जरा हातपाय मारायला लागला की त्याला न सांगता डब्यात थोडं थोडं पाणी घालतात. डबा रोज कमी उचलतो, माणूस रोज जास्त पोहतो, आणि त्याला वाटतं डबाच पोहतोय. मी तेच केलं. सून कपडे बदलायला गेली की मी डब्यात पाणी घालायचे. तिला वजन कळू नये म्हणून ती कमरेएवढ्या पाण्यात उतरल्यावरच मी डबा पाठीला बांधायचे. आधी तांब्याभर, मग पाव डबा, मग अर्धा. मी मनातल्या मनात इतकी खूश असायचे की घरी जाऊन मुलाला सांगायचा मोह व्हायचा. सांगितलं नाही. ह्या घरात माझ्या बातम्या फार लांब जातात.

जत्रेचा दिवस आला. म्हातारी आदल्या दिवशी सुनेला म्हणाली, उद्या तूही एक फेरी मार, या टोकापासून त्या टोकापर्यंत, कुणी घाई करत नाही. सुनेनं माझ्याकडे बघितलं आणि हो म्हणाली. दवाखान्यातल्या बायका येणार होत्या. त्या दिवशी मी इरकली साडी नेसले. माझी विद्यार्थिनी उतरणार होती, हाफ पँट शोभली नसती. आणि सकाळी, कुणी बघत नाही असं बघून, डबा मी काठोकाठ भरला. जरासुद्धा हवा नाही. तो आता कुणाला वर धरणार नव्हता.

ती निघाली. पहिल्यांदा पाय जरा चुकले, मग लागले. सगळा काठ उभा. दवाखान्यातल्या बायकांच्या हातात आज आपापले टॉवेल होते. मध्यावर एक लाट भिंतीवरून आत आली, सून हलली, तोंडात पाणी गेलं, आणि मी इरकली साडीत पायरीवर एक पाय टाकलाही. पण ती खोकली, मान वर केली आणि पुढे निघाली. माझी नात काठाकाठाने तिच्याबरोबर चालली होती, "मम्मा, किक! मम्मा, किक!" ओरडत. सुनेनं पलीकडच्या भिंतीला हात लावला. पण ती तिथं थांबली नाही. वळली, आणि परत यायला लागली. परत येणं कुणी सांगितलं नव्हतं! टाळ्या, शिट्ट्या, म्हातारी टोपी काढून हलवतेय, गोंदवलेला माणूस दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारतोय. मी काय ओरडत होते ते मला आठवत नाही. नात म्हणते मी "शाब्बास माझ्या वाघिणी" म्हणत होते आणि तिथल्या मुलांनी ते पाठ केलं.

ती पायऱ्यांपाशी आली तसं मी पुढे झाले. हा माझा क्षण होता. कित्येक दिवस जपून ठेवलेला. मी तिच्या पाठीवरचा डबा सोडला, दोन्ही हातांनी उचलून काठावर ठेवला, झाकण फिरवलं आणि सगळ्यांसमोर डबा उपडा केला. भक् भक् करून पाणी खडकावरून वाहत गेलं.

"बघ!" मी म्हटलं. "भरल्याला हुता! तू आपली आपण पोहलीस!"

सून पायरीवर बसून धापा टाकत होती. तिनं केस मागे सारले आणि हसली.

"ठावं हाय की, आत्या."

"काय ठावं हाय?"

"आवं, मी आटपाडीची हाय. जलमभर पानी वाह्यलंय मी. अर्ध्या घागरीतलं पानी डुचमळतं. पयल्या दिवशी तुमी तांब्याभर घातलं, तवाच पाठीवर डुचमळलं. मग रोज वाढत गेलं. आन् आज डुचमळायचंच थांबलं, तवा समजलं, भरला पुरता."

मी रिकामा डबा हातात धरून तशीच उभी. मोठी युक्ती माझी.

"मग बोलली का न्हाईस? कशाला बांधून घेत हुतीस रोज?"

"तुमच्यासाटी," ती म्हणाली. "डबा नसता, तर तुमी मला सोडलं असतं व्हय? रोज माझ्यापरास तुमचंच काळीज धडधडायचं."

चार दिवस सासूचे आणि चार दिवस सुनेचे म्हणतात. माझे चार दिवस तिथं, त्या ओल्या खडकावर, संपले, आणि मला त्याचा इतका आनंद झाला की काय सांगू. मी तिला ढकललं त्याचा पश्चात्ताप आहे का? अजिबात नाही. न ढकलता ही पोरगी मला कळली असती का?

ती पुन्हा पाण्यात उतरली. सहज, घराच्या ओसरीवरून अंगणात उतरावं तशी. पोहत खोल टोकाला गेली आणि भिंतीपासून हातभर लांब, पाय मारत उभी राहिली. मग वर बघून मला हाक मारली.

"आत्या, तुमी रोज पायऱ्यांवरनं उतरता, कठडा धरून. मी बघतीया. विहिरीत मुटका मारायचे म्हनून सांगता, आन् उडी कवा टाकनार?"

सगळा काठ माझ्याकडे बघायला लागला. मराठी कुणालाच कळत नव्हतं, पण सगळ्यांना कळलं होतं. मी खोल टोकाला गेले. चाळीस वर्षांनी उडी टाकायची म्हणून काठावरून पाण्याकडे बघितलं, आणि खरं सांगते, हात कठडा शोधायला लागला. पाणी आपलंच, पण उंची विसरलेली.

"टाका उडी," ती म्हणाली. "मी हाय खाली."

मी पदर कमरेला खोचला, निऱ्या मागे ओढून काष्टा घातला, दोन पावलं मागे गेले, गुडघे पोटाशी घेतले आणि मुटका मारला. काठावरचे सगळे भिजले. खाली ती होती.